करडी बरणी, निळं फूल: जुनी अमेरिकन स्टोनवेअर ओळखायची कशी

प्रश्न असा आला आहे: न्यू जर्सीतल्या एका इस्टेट सेलमध्ये एक जड, करडी बरणी मिळाली. पोटावर निळ्या रंगात फूल, त्याच्या वर २ हा आकडा, दोन बाजूंना दोन कान, आतून तपकिरी. नाव-गाव कुठेच नाही. ती किती जुनी, कुठली, कोणी केली, आणि तिच्यात कैरीचं लोणचं मुरवता येईल का?

फोटो पाहून माझं मत आधी सांगते. बरणी अमेरिकन स्टोनवेअर आहे, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेल्या मातीची, मिठाच्या झिलईची आणि साधारण १८५० ते १८८० या काळातली आहे. मुलूख न्यूयॉर्क राज्याचा किंवा त्याच्या लगतचा. कोणाच्या भट्टीतली, ते मी सांगणार नाही. आणि नुसत्या फुलाच्या वळणावरून कोणी छातीठोकपणे नाव घेतलं तर मानू नका. रंगवणारे कारागीर एका कारखान्यातून दुसऱ्यात जात आणि त्यांची फुलंही त्यांच्याबरोबर जात. मी कुंभाराच्या चाकावर काम करते, मिठाची भट्टी लावते आणि लोक जुनी भांडी दाखवायला आणतात. भांडं हातात आलं की मी आधी माती बघते, मग मीठ, मग आकार, आणि नाव सगळ्यात शेवटी. शिक्का स्पष्ट असला तरी क्रम हाच, कारण शिक्का बरेचदा मालकाचा असतो, कधी तर दुकानदाराचा. चाकावर बसलेला माणूस निराळाच असू शकतो.

मातीपासून सुरुवात करू. साध्या लाल मातीचं भांडं हजार अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतं. त्याच्या फार पुढे नेलं की ते बसतं, वाकतं आणि शेवटी वितळतं. स्टोनवेअरची माती साडेबाराशे-तेराशे अंश सोसते आणि त्या उष्णतेत इतकी घट्ट होते की पाणी झिरपायला वाव उरत नाही. अशी माती सगळीकडे सापडत नाही. पूर्व किनाऱ्यावर ती न्यू जर्सीत साउथ अँबॉय, चीझक्वेक, वुडब्रिज या पट्ट्यात होती, शिवाय स्टेटन आयलंड आणि लाँग आयलंडवर. बोस्टनकडे लाल माती हवी तेवढी, ही मात्र नाही. एडिसन, सेयरव्हिल, ओल्ड ब्रिज भागात आज कितीतरी मराठी कुटुंबं राहतात; अमेरिकेच्या निम्म्या जुन्या स्टोनवेअरची गोष्ट त्यांच्या अंगणाखालच्या मातीतून सुरू होते असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लोकांना स्टोनवेअर हवी का होती, याचं उत्तर तुमच्या लोणच्याच्या प्रश्नात आहे. त्या काळातल्या लाल मातीच्या भांड्यांवर शिशाची झिलई असे. व्हिनेगर, लोणचं, आंबट फळं असं काही आत ठेवलं की शिसं त्यात उतरतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात याबद्दल उघड लिहिलं जात होतं. मिठाच्या झिलईत शिसं नसतं. खारवलेलं डुकराचं मांस, लोणी, काकडी-कोबीचं लोणचं, काकवी, व्हिस्की, सगळं तिच्यात निर्धास्त ठेवता येई.

आता मीठ. ही युरोपात जर्मनीच्या र्‍हाइन खोऱ्यातली जुनी रीत. भांडी कच्चीच भट्टीत रचतात आणि एकदाच भाजतात. आधी भाजून मग झिलई चढवायची अशी दोन पायऱ्यांची पद्धत यात नाही. भट्टी ऐन उष्णतेवर आली, आतला प्रकाश पिवळ्याकडून पांढऱ्याकडे झुकू लागला, की वरच्या भोकांतून ओलसर खडे मीठ थोडं थोडं आत टाकतात. मीठ तडतडतं आणि क्षणात त्याची वाफ होते. त्या वाफेतलं सोडियम मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाला धरतं आणि भांड्याच्या अंगावरच काच तयार होते. वरून काही लावलेलं नसतं. मातीचाच पृष्ठभाग काच होतो, म्हणून ही झिलई पापुद्र्यासारखी निघत नाही. क्लोरीन आम्लाच्या वाफेच्या रूपात बाहेर पडतं. धुराड्यातून पांढरे लोट येतात, वारा आपल्याकडे फिरला तर घसा धरतो, डोळे चुरचुरतात. मी मीठ टाकताना तोंडावर मास्क लावते. दोनशे वर्षांपूर्वी भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्यांकडे तसलं काही नव्हतं.

मीठ पुरेसं झालं का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून भट्टीच्या भोकाजवळ त्याच मातीच्या कड्या ठेवलेल्या असतात. लोखंडी सळईने लालभडक कडी बाहेर ओढायची, पाण्यात किंवा जमिनीवर थंड करायची आणि बोटाने बघायची. झिलई पातळ वाटली तर आणखी मीठ. जुन्या भट्ट्यांच्या जागी उत्खननात या कड्या सापडतात. तुमची बरणी हातात घेऊन तिच्यावरून अंगठा फिरवा. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळी लागतील. ही मिठाची सही. मग ती खिडकीपाशी धरून हळूहळू फिरवा. एक बाजू जास्त चकचकीत असेल, तिकडून ज्वाला आली. एखादा वाटोळा निस्तेज डाग असेल, तर तिथे शेजारचं भांडं चिकटून उभं होतं आणि मिठाला जागा मिळाली नाही. खांद्यावर हिरवट-तपकिरी काचेचा एखादा थेंब गोठलेला दिसला तर तो छतावरून पडलेला असतो, कारण मीठ भट्टीच्या विटांनाही सोडत नाही; दर खेपेला त्यांच्यावरही काच चढत जाते आणि कधीतरी ती गळते. बाजारात याला दोष म्हणून किंमत पाडतात. मला हा थेंब भट्टीने स्वतः दिलेला दाखला वाटतो.

(आपल्याकडे सिव्हिल इंजिनिअर ज्याला एस. डब्ल्यू. पाइप म्हणतात, त्या सांडपाण्याच्या जुन्या तपकिरी नळांवरही हीच मिठाची झिलई असे. घाण आणि आम्ल दोन्ही सोसणारं स्वस्त भांडं करायची विद्या शेवटी गटारात गेली, पण तिथेही ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.)

बरणी आतून तपकिरी आहे त्याचं कारणही मीठच. भांडी एकावर एक रचलेली, तोंडं झाकलेली. वाफ आत शिरतच नाही. म्हणून आतून ऑल्बनीजवळच्या हडसन नदीकाठची बारीक माती पाण्यात कालवून फिरवत. ती माती त्याच उष्णतेला आपोआप वितळून चॉकलेटी काच होते. ऑल्बनी स्लिप हेच तिचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती सर्रास दिसते. त्याआधीची भांडी आतून बहुधा कोरीच असतात. म्हणजे आतली तपकिरी झिलई दिसली की अठरावं शतक जवळपास बाद करायला हरकत नाही. १९८० च्या दशकात तिचं खाणकाम थांबलं आणि माझ्यासारख्या कुंभारांना तिच्याजवळ जाणारं मिश्रण स्वतः जमवावं लागतं.

निळा रंग कोबाल्टचा. एवढ्या उष्णतेत बहुतेक रंग जळून जातात किंवा काळवंडतात, कोबाल्ट टिकतो. तो महाग होता, म्हणून रोजच्या भांड्यावर दोन-चार फटकाऱ्यांतच काम भागवलेलं असतं. काळ ओळखायला फुलाच्या सौंदर्यापेक्षा ते कसं काढलं आहे, ते उपयोगी पडतं. अठराव्या शतकात आणि १८२० च्या दशकापर्यंत टोकदार हत्याराने ओल्या मातीत रेषा कोरून तिच्यात निळा भरत: मासे, पक्षी, जहाजं. मग कुंचला आला. शतकाच्या मध्यावर छोट्या नळीच्या कपातून स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ निळी माती, ओतत रेघ काढू लागले; अशी रेघ बोटाला किंचित उठलेली लागते आणि वळणावर जाड होते. तुमचं फूल या शेवटच्या प्रकारातलं दिसतं. ते एका दमात काढलेलं आहे, देठाच्या टोकाशी हात उचलल्याची शेपटी आहे. हा सरावाचा हात आहे, दिवसभर अशीच फुलं काढणाऱ्याचा.

आकारही तेच सांगतो. जुन्या बरण्या खांद्याला रुंद आणि बुडाकडे निमुळत्या, कान सुटे आणि वर उचललेले. १८३० नंतर पोट हळूहळू सपाट होत गेलं आणि १८५०-६० पर्यंत भिंती जवळपास सरळ झाल्या, कान अंगाला चिकटले. सरळ बरणी चाकावर लवकर निघते, भट्टीत दाटीने रचता येते, बोटीत आणि गाडीत कमी जागा खाते. आकडा २ म्हणजे दोन गॅलन, साडेसात लिटरच्या आसपास.

आता प्रदेश आणि माणसं. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांचं सारखं महत्त्व नाही.

सुरुवात व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनची. तिथे विल्यम रॉजर्सने १७२० च्या दशकात मोठा कारखाना उभा केला. वसाहतींनी इंग्लंडशी स्पर्धा करायची नव्हती, म्हणून व्हर्जिनियाचा गव्हर्नर गूच लंडनला अहवाल पाठवताना त्याचा उल्लेख 'गरीब कुंभार' असा करत राहिला. रॉजर्स चांगला श्रीमंत होता. फिलाडेल्फियात अँथनी ड्यूशे हा ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कुंभार १७३० च्या सुमारास स्टोनवेअर करत होता. बोस्टनजवळ चार्ल्सटाउनमध्ये १७४० च्या दशकात ग्रेस पार्कर या विधवेने ड्यूशेच्या मुलाला, जेम्सला, बरोबर घेऊन प्रयत्न केला. बाहेरून माती आणण्याचा खर्च झेपला नाही आणि ते काम तगलं नाही. मातीचा नकाशा किती निर्दय असतो ते इथे दिसतं.

खरी घराणी उभी राहिली मॅनहॅटनमध्ये, क्रोलियस आणि रेमी. दोन्ही जर्मन, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेली, दोन्ही कलेक्ट तळ्याजवळच्या पॉट बेकर्स हिल भागात. बोटीने न्यू जर्सीची माती, भट्टीला लाकूड, शेजारी बंदर. क्रोलियसांची भट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालली, १८४९ च्या सुमारास थंडावली. त्यातला थोरला क्लार्कसन क्रोलियस न्यूयॉर्क विधानसभेचा अध्यक्षही झाला. रेमी घराण्याची शाखा पुढे बाल्टिमोर आणि फिलाडेल्फियाला गेली. या भट्ट्यांना लागूनच गुलाम आणि मुक्त काळ्या लोकांची दफनभूमी होती. कुंभारांनी बिघडलेली, वाकलेली भांडी आणि राख तिच्यावरच टाकली. १९९१ मध्ये सरकारी इमारतीसाठी खोदताना दफनभूमी पुन्हा उघडकीला आली, तेव्हा थडग्यांच्या वरच्या थरांत स्टोनवेअरची खापरं निघाली. आज तिथे आफ्रिकन बरियल ग्राउंड राष्ट्रीय स्मारक आहे. लोअर मॅनहॅटनला गेलात तर जरूर जा. या भांड्यांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने ती जागा पाहिली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

कारण याच गोष्टीत थॉमस कॉमेरॉ येतो. त्याच्या भांड्यांवर त्याचं नाव आणि 'कॉर्लियर्स हुक' हे ईस्ट रिव्हरकाठच्या जागेचं नाव ठसठशीत उमटवलेलं असे. चंद्रकोरीसारख्या ठशांच्या माळा दाबून त्यात निळा भरलेला. संग्राहक ती भांडी शंभरेक वर्षं हौसेने जमवत होते आणि तो गोरा असणार हे गृहीतच धरलं होतं. या शतकाच्या सुरुवातीला जनगणनेच्या जुन्या नोंदींतून उलगडलं की तो मुक्त काळा माणूस होता. क्रोलियस घरात गुलामीत जन्मलेला, लहानपणी मुक्त झालेला. १७९० च्या दशकाच्या अखेरीपासून १८१९ पर्यंत त्याने स्वतःची भट्टी चालवली. न्यूयॉर्कच्या कालव-विक्रेत्यांसाठी त्यांच्या नावाच्या, पत्त्याच्या बरण्या केल्या. त्यातले काही विक्रेतेही काळे होते. १८२० मध्ये तो वसाहत वसवायला पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला, तिथे तापाने माणसं गेली, १८२२ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षी वारला. २०२३ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्याच्यावर पूर्ण प्रदर्शन भरवलं. इतकं स्पष्ट नाव भांड्यावर असून माणूस हरवला होता.

शिक्क्याबद्दलचं माझं म्हणणं अलेक्झांड्रियातही खरं ठरतं. व्हर्जिनियातल्या त्या गावात विल्क्स स्ट्रीटच्या भट्टीतल्या कित्येक भांड्यांवर ह्यू स्मिथचं नाव आहे. तो चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी, कुंभार नव्हेच. त्याच भट्टीत काम करणाऱ्या डेव्हिड जार्बर या मुक्त काळ्या कारागिराने १८३० मध्ये एका प्रचंड बरणीच्या बुडावर 'डी. जार्बरने केली' अशा अर्थाचं स्वतःच्या हाताने कोरलं. ती बरणी नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमच्या मेस्डा या दक्षिणेकडच्या जुन्या कलावस्तूंच्या संग्रहालयात आहे. म्हणून बूड नेहमी उलटं करून बघायचं.

दक्षिणेत आणखी खाली, साउथ कॅरोलायनाच्या एजफील्ड भागात, मीठ जवळजवळ नाहीच. तिथली झिलई राख किंवा चुना, वाळू आणि माती कालवून केलेली, हिरवी-तपकिरी, ओघळणारी. डेव्ह, म्हणजे डेव्हिड ड्रेक, तिथला. गुलाम असून चाळीस गॅलनपर्यंतचे रांजण उभे करणारा आणि ओल्या मातीवर सही करून दोन ओळींच्या कविता कोरणारा. त्या राज्याने गुलामांना लिहायला शिकवणं १८३४ मध्ये गुन्हा ठरवलं होतं. १८५७ च्या एका भांड्यावर तो विचारतो, माझी सगळी नाती कुठे गेली असतील, आणि पुढच्याच ओळीत सगळ्यांशी, प्रत्येक राष्ट्राशी मैत्री सांगतो. टेक्ससमध्ये यादवी युद्धानंतर हायरम विल्सन आणि त्याच्या सोबत्यांनी, पूर्वी गुलाम असलेल्या कुंभारांनी, एच. विल्सन अँड कंपनी नावाने १८६९ पासून मिठाची स्टोनवेअर केली. नॉर्थ कॅरोलायनाच्या रँडॉल्फ आणि मूर काउंटीत मीठ, तर पश्चिमेकडच्या कटॉबा खोऱ्यात राखेची झिलई. दक्षिणेच्या सोप्या ओळखीला एवढं पुरे.

तुमच्या बरणीसाठी मात्र उत्तरेकडचा मुलूख महत्त्वाचा. १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला आणि न्यू जर्सीची माती हडसनवरून बोटीने आत, थेट रॉचेस्टरपर्यंत जाऊ लागली. कालव्याच्या काठाने भट्ट्यांची रांग लागली: ट्रॉय, युटिका, लायन्स. युटिकाला व्हाइट कुटुंबाचं काम मोठं. व्हर्मांटमध्ये बेनिंग्टनला नॉर्टन घराणं १७९० च्या दशकापासून १८९४ पर्यंत टिकलं. त्यांनाही माती ट्रॉयपर्यंत नदीने आणि पुढे गाड्यांनी आणावी लागे. त्यांचे शिक्के बदलत गेले म्हणून तारीख लावणं सोपं: जे. अँड ई. नॉर्टन म्हणजे १८५० ते १८५९, ई. अँड एल. पी. नॉर्टन म्हणजे १८६१ ते १८८१. हरणं, मोर, कुंपण असलेली त्यांची भांडी बेनिंग्टन संग्रहालयात बघायला मिळतात. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गचे काउडेन अँड विलकॉक्स माणसाचा चेहरा असलेल्या चंद्राच्या चित्रासाठी ओळखले जातात. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला ग्रीन्सबरोत हॅमिल्टन अँड जोन्स स्टेन्सिलने भलीमोठी अक्षरं छापत. बाल्टिमोरला निळा रंग हात सैल सोडून, सगळ्या पोटभर. तुमचं फूल एकच, समोर, बाकी बरणी मोकळी. हे मला कालव्याकाठच्या पद्धतीशी जुळतं.

घेताना फसवणूक कुठे होते, तेही सांगते. साध्या जुन्या बरणीवर नंतर वाघ, जहाज किंवा झेंडा काढून किंमत कितीतरी पटींनी वाढवतात. खरा निळा मिठाच्या काचेखाली असतो, कडेला किंचित पसरलेला. वर बसलेला, कडा अगदी स्वच्छ असलेला रंग संशयास्पद. अतिनील टॉर्च अंधारात मारली तर डागडुजीची लुकण आणि रंग वेगळे चमकतात. विसाव्या शतकातही मिठाची चांगली भांडी जुन्या धाटणीवर झाली, विस्कॉन्सिनच्या रो पॉटरी वर्क्सची तर पुष्कळ. त्यात फसवणूक नाही, पण ती जुनी म्हणून विकली जातात. जुन्या बुडावर रोजच्या सरकवण्याने आलेली गुळगुळीत झीज असते आणि ती सगळीकडे सारखी नसते.

राहता राहिलं लोणचं. तुमच्या बरणीच्या झिलईत शिसं असण्याचं कारण नाही, आणि धड असलेली स्टोनवेअर मीठ, तेल, आंबट तिन्ही सोसते. तरी आधी या गोष्टी करा. बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे. आत पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा आणि सकाळी ओल बघा. आतल्या तपकिरी झिलईवर टवके, चिरा किंवा डागडुजी असेल तर खाण्याचं काही ठेवू नका, कारण शंभर-दीडशे वर्षांत तिच्यात रॉकेल, रंग किंवा लाय (साबणासाठीचा दाहक क्षार) ठेवली नसेल कशावरून, आणि उघड्या मातीने ते शोषलेलं असू शकतं. गरम पाणी एकदम ओतू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका. फोटोत उजव्या कानाखाली एक बारीक रेघ दिसते आहे. ती तडा असली तर लोणच्यासाठी नवी बरणी घ्या आणि हिच्यात लाकडी कालथे, लाटणी ठेवा. ती नुसती चाकावरची ओरखडी निघाली, तर कैऱ्या आणायला हरकत नाही.